टेक्समेक्स म्हंजी काय वो, ताई?

दुभाष्याला गरम जेवण मिळत नाही. चाकणच्या कंपन्यांमध्ये मी वीस-बावीस वर्षं स्पॅनिशची दुभाषी म्हणून काम केलं, आणि या कामाबद्दल कुणी विचारलं की मला आधी हेच आठवतं. टेबलाभोवती दहा माणसं बसलेली असतात. एक बोलत असतो, बाकीचे जेवत असतात. पण प्रत्येकाचं बोलणं माझ्या तोंडून पुढे जाणार, त्यामुळे माझा घास हातातच राहतो. भाजीवरचं तेल थिजतं, पोळी कडक होते, आणि पाहुणे उठले की आपणही उठायचं.

आता ते कामही जवळजवळ थांबलंय. फोनमध्ये बोलायचं, फोन भाषांतर करून दाखवतो. कंपन्यांना ते पुरतं. मला त्याचा राग नाही. खरं सांगायचं तर मी दमले आहे. दिवसभर दोन माणसांच्या मध्ये उभं राहून घसा बसतो, पाय सुजतात, आणि संध्याकाळी घरी कुणी साधं 'चहा घेणार का' असं विचारलं तरी उत्तर द्यायचा कंटाळा येतो. या अंकासाठी संपादकांनी 'कामातले मजेदार अनुभव' मागितले. मजेदार आहेत थोडे. स्पेनहून आलेला एक मशीन बसवणारा गृहस्थ अख्खी सकाळ त्या मशीनला आईबहिणीवरून शिव्या देत होता आणि आमचे साहेब मला विचारत होते, "मॅडम, ते काही टेक्निकल सांगतायत का?" पण असले किस्से सांगून झाले की मला रूडी आठवतात, आणि मग मजा राहत नाही.

आधी या कामाचा एक नियम सांगते. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणतात' असं म्हणायचं नाही. त्यामुळे या तोंडाने मी अनेकदा माफी मागितली आहे, धमकी दिली आहे, आणि एकदा चाळीस माणसांना 'उद्यापासून तुम्ही येऊ नका' असंही सांगितलं आहे. ती माणसं साहेबाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. दुसरा नियम असा, की जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं. गोड करायचं नाही, गाळायचं नाही.

रूडी आले तेव्हा चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची नवी लाइन सुरू होत होती. माल अमेरिकेला जाणार होता, म्हणून तिकडच्या ग्राहकाने मालाची तपासणी करायला रूडींना पाठवलं. रोदोल्फो हे त्यांचं खरं नाव, पण सगळे रूडीच म्हणत. वय साठीच्या आसपास, पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं अगदी हळू. राहणारे एल पासोचे. हे शहर अमेरिकेच्या टेक्सास राज्यात अगदी काठावर आहे. मध्ये नदी आणि पलीकडे मेक्सिको. त्यांच्याबरोबर मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराहून ओक्तावियो नावाचे इंजिनियर आले होते. तशीच लाइन त्यांच्या कारखान्यात चालत होती, ती इथे बसवून द्यायची जबाबदारी त्यांची. ओक्तावियोंना इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून मला बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी ओळखपरेड झाली. रूडी उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी रूडी. मी टेक्स-मेक्स आहे."

एचआरच्या मुलीचा चेहरा उजळला. टेक्स-मेक्स तिला माहीत होतं, मॉलमध्ये खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पाहुण्यांसाठी मुद्दाम तेच जेवण मागवलं. मक्याच्या चिप्सवर ओतलेलं पिवळं चीज, राजमा आणि आपल्याच ढोबळ्या मिरच्या. रूडींनी सगळं मुकाट्याने खाल्लं आणि आभार मानले. ओक्तावियोंनी ताट बाजूला सरकवून वरण-भात मागितला.

लाइनवर सुलाबाई सुपरवायझर होत्या. चाकणजवळच्या एका खेड्यातल्या, वय पंचेचाळीसच्या पुढे, हाताखाली तीस बायका. त्यांनी मला गाठून विचारलं, "टेक्समेक्स म्हंजी काय वो, ताई? जात हाय का त्यांची?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारू या." आणि विचारलं.

रूडी हसले. म्हणाले, आधी ते एका रेल्वेचं नाव होतं. टेक्सास आणि मेक्सिकोला जोडणाऱ्या रेल्वे कंपनीचं लांबलचक नाव, ते कापून आखूड केलेलं. मग तेच नाव तिथल्या माणसांना चिकटलं. टेक्सासात राहणारे, पण रक्ताने मेक्सिकन. जेवणाला ते नाव पुष्कळ नंतर मिळालं, आणि आता लोकांना फक्त जेवणच माहीत आहे. "आमचं गाणं दोन्हीकडचं, जेवण दोन्हीकडचं, बोलणंही अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. माझे वडील शाळेत स्पॅनिश बोलले की मास्तर त्यांना पट्टीने मारायचे. म्हणून त्यांनी आम्हाला नीट स्पॅनिश शिकवलंच नाही. जे आलं ते आईच्या स्वयंपाकघरात आणि गल्लीत आलं."

मी सगळं मराठीत सांगितलं. सुलाबाई ऐकून म्हणाल्या, "आसं हाय व्हय. आमाला बी गावात कंपनीवाली म्हनत्यात आन् कंपनीत गाववाली." आणि कामाला निघून गेल्या.

भांडण झालं ते पहिल्याच आठवड्यात, कॅन्टीनमध्ये. रूडी आणि ओक्तावियो यांचं लाइनवरून आधीच वाजलं होतं. एका जोडणीचा माल रूडींनी नापास केला होता आणि ओक्तावियोंच्या मते तो चांगला होता. जेवताना रूडींनी समेट करायचा म्हणून त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली. मला ते निम्मंच कळलं. मध्ये मध्ये इंग्रजी शब्द होते, पण स्पॅनिश शेपट्या लावलेले. मी स्पॅनिश पुण्यात शिकले, पुस्तकं आणि परीक्षा देऊन. असलं काही माझ्या पुस्तकात नव्हतं.

ओक्तावियोंनी काटा खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माणसासारखं स्पॅनिश बोला, नाहीतर इंग्रजी बोला. हे काय पोचो बोलणं!"

आमचे प्रॉडक्शनचे शिंदेसाहेब माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, काय म्हणाले?"

नियमाप्रमाणे मी सांगितलं. पोचो म्हणजे रंग उडालेलं, पिकून पिचलेलं फळ. आणि जे मेक्सिकन अमेरिकेत राहून आपली भाषा विसरले त्यांना तिकडे असं म्हणतात. माझं बोलणं संपायच्या आत पलीकडच्या टेबलावरून सुलाबाई म्हणाल्या, "पोचट म्हन्ला व्हय त्यास्नी?" दाणा न भरलेल्या कणसाला आपण पोचट म्हणतो. पंधरा हजार किलोमीटरवरच्या शिवीचा अर्थ त्यांना माझ्याशिवायच लागला होता.

रूडी चिडले नाहीत. मान हलवली, पेला उचलून पाणी प्यायले. पण त्या दिवसापासून त्यांनी स्पॅनिशचा एक शब्द तोंडातून काढला नाही. ओक्तावियोंशी बोलायचं असलं तरी इंग्रजीत बोलायचे आणि मी त्याचं स्पॅनिश करायचे. एकाच भाषेच्या दोन माणसांमध्ये दुभाषी उभी. मला त्या दिवसांत फार थकवा यायचा. शब्द नेण्याचा नव्हता तो, दोघांच्या मधली शांतता नेण्याचा होता.

एके दिवशी सकाळी दहाच्या चहानंतर मी शिंदेसाहेबांच्या केबिनमध्ये होते. सुलाबाई दार न वाजवताच आत आल्या. "ताई, चला बिगी बिगी. सायबाचं तोंड वाकडं झालंय."

रूडी लाइनजवळ स्टुलावर बसले होते. दोन बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. डावा गाल ओघळलेला, डावा हात मांडीवर पडलेला. मी इंग्रजीत विचारलं, "काय होतंय?" त्यांनी उत्तर दिलं ते इंग्रजीत नव्हतं. कंपनीच्या अँब्युलन्समधून आम्ही त्यांना चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. मोशीच्या चौकात ट्रकच्या रांगेत अडकलो तेव्हा ते काहीतरी सारखं पुटपुटत होते आणि मी त्यांचा हात धरून उगाच "हो, हो" म्हणत होते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुण होत्या, पण घाबरणाऱ्या नव्हत्या. डोक्याचा स्कॅन झाला. मग त्या माझ्याशी बोलल्या. "रक्तस्राव नाही, गाठ अडकली असावी. गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे आमच्याकडे, पण ते लवकर द्यावं लागतं. आणि पेशंट आधीच रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर ते देता येत नाही. डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मला त्यांच्याकडून नीट उत्तरं हवीत."

एल पासोला त्यांच्या बायकोला फोन लावला. तिकडे रात्र होती, कुणी उचलला नाही.

डॉक्टरांनी इंग्रजीत सावकाश विचारलं, "तुमचं नाव रोदोल्फो आहे ना?"

रूडी म्हणाले, "सिमोन."

"हात दुखतोय?"

"सिमोन."

मी स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का?"

रूडींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "सिमोन. एन ला त्रोका."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हा सायमन कोण? मुलगा आहे का? स्वतःचं नाव विचारलं तरी त्याचंच नाव घेतायत. आणि पुढे काय म्हणाले?"

'एन ला' म्हणजे 'मध्ये'. त्रोका? त्रोकार म्हणजे अदलाबदल करणं, एवढं मला येत होतं. अदलाबदलीमध्ये? मी फोनवर ते वाक्य बोलून पाहिलं. फोननेही सायमन हे माणसाचं नावच धरलं आणि अदलाबदलच दाखवली. मी म्हटलं, "मॅडम, याचा अर्थ लागत नाही."

"म्हणजे बोलणं गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. "तसं असेल तर इंजेक्शन द्यायलाच हवं. गोळ्यांबद्दल दुसऱ्या कुणाकडून कळेल का? बघा लवकर."

दुसरं कोण होतं? मी ओक्तावियोंना फोन केला. ते त्या दिवशी कंपनीत आले नव्हते, जवळच्याच हॉटेलवर होते. मी भराभर सांगितलं. रूडी आजारी आहेत, बोलणं बिघडलंय, कुठल्याशा सिमोनला सारखी हाक मारतायत, तुम्हाला हा सिमोन माहीत आहे का?

मग ते म्हणाले, "सेन्योरा, सिमोन म्हणजे 'हो'. गल्लीतली पोरं म्हणतात तसं. शाळेत कुणी शिकवत नाही." आणि लगेच, "त्यांना तुम्ही काय विचारलं होतं?"

मी फोन हातात धरूनच डॉक्टरांकडे धावले. "मॅडम, ते हो म्हणतायत! प्रत्येक वेळी हो म्हणत होते! गोळ्यांनाही!"

डॉक्टर थांबल्या. इंजेक्शनची तयारी करणाऱ्या सिस्टरला त्यांनी हाताने थांबवलं. "नक्की? भ्रमात असलेला माणूसही सगळ्याला हो म्हणतो. मला गोळीचं नाव पाहिजे."

ओक्तावियो दहा-पंधरा मिनिटांत आले. पायांत हॉटेलच्या चपला होत्या. त्यांना बघताच रूडींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ओठ मिटून घेतले. डॉक्टरांनी विचारलं, मी विचारलं, एक नाही की दोन नाही. त्या माणसासमोर ते आपली भाषा बोलणार नव्हते. जीव गेला तरी बोलले नसते असं मला त्या क्षणी वाटलं.

ओक्तावियो खाटेच्या कडेला उभे राहिले. एरवी ते अगदी कडक इस्त्रीतलं बोलायचे. आता गुडघे वाकवून ते रूडींच्या तोंडाशी तोंड नेऊन बसले आणि म्हणाले, "के ओंदा, कार्नाल?"

याचं मराठी मला पुस्तकातून करता येणार नाही. काळेवाडीच्या नाक्यावर एक पोरगा दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून "काय भावा, कसाय?" म्हणतो, ते हे. कार्नाल म्हणजे आपल्याच मांसाचा, सख्खा.

रूडी वळले. मग बोलायला लागले, आणि थांबेनात. ओक्तावियो ऐकत होते, मध्ये मध्ये त्याच बोलीत विचारत होते आणि मला शुद्ध स्पॅनिशमध्ये सांगत होते. मी डॉक्टरांना मराठीत सांगत होते. दुभाष्याला दुभाषी लागला, असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून गोळ्या आहेत. काल रात्रीही घेतली. पिशवीत आहेत. पिशवी त्रोकामध्ये आहे. त्रोका म्हणजे ट्रक. इंग्रजी ट्रकचंच त्यांनी तसं करून घेतलंय, आणि कंपनीने दिलेल्या मोठ्या गाडीलाही ते त्रोकाच म्हणत होते.

मी सुलाबाईंना फोन लावला. "गाडीत, सीटखाली, काळी पिशवी बघा." त्या ड्रायव्हरला शोधून पार्किंगपर्यंत पळत गेल्या असणार, कारण फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. थोड्याच वेळात बाटलीवरच्या नावाचा फोटो आला. डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला आणि सिस्टरला म्हणाल्या, "काढून ठेवा ते. द्यायचं नाही."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांचं बोलणं बिघडलेलं नाही?"

मी ओक्तावियोंना तो प्रश्न सांगितला. कॅन्टीनमध्ये त्या बोलण्याला पिचलेलं म्हणाले होते तेच ओक्तावियो. ते हळूच म्हणाले, "नाही. काही बिघडलेलं नाही. ते असंच बोलतात. ही त्यांची भाषा आहे."

मी ते वाक्य डॉक्टरांना सांगितलं, 'ते म्हणतात' असं न जोडता, जसंच्या तसं.

रूडी वाचले. दुसऱ्या औषधांवर सुधारणा झाली, हाताला ताकद यायला महिने लागणार होते, पण चालत घरी गेले. त्यांची बायको त्यांना न्यायला आली होती. इंग्रजी त्यांना दुसऱ्याच दिवशी परत आलं. डॉक्टर म्हणाल्या, घाबरलेला माणूस पहिल्या भाषेच्या आसऱ्याला जातो. लाइन नंतर दुसऱ्याच तपासनिसाने पास केली. तोपर्यंत माझं कंत्राट संपलं होतं. कंपनीने पुन्हा बोलावलं नाही, त्यांनी कानात घालायची भाषांतराची यंत्रं घेतली. त्या यंत्राला सिमोन कळतं की नाही, मला माहीत नाही. कळत असेल. सगळं शिकतात म्हणे ती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. रूडींना झोप लागली होती. मी आणि ओक्तावियो बाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. काम संपलं होतं तरी दोघांनाही उठवत नव्हतं. ते खाली बघत बोलायला लागले. म्हणाले, "माझी आजी स्पॅनिश बोलत नव्हती. डोंगरातल्या लोकांची जुनी भाषा बोलायची. आईने आम्हाला ती कधी शिकू दिली नाही, शहरात कुणी आम्हाला गावंढळ म्हणू नये म्हणून. आजी मरताना काहीतरी बोलत होती. खोलीत आम्ही सात जण होतो, आणि एकालाही कळलं नाही."

मी ते मनातल्या मनात मराठीत करत होते. दुभाष्याने आपलं मत द्यायचं नसतं, ती सवय.

मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या घरी, सेन्योरा? तुम्ही कोणती भाषा बोलता?"

इतक्या वर्षांत कामावर मला माझ्याबद्दल कुणी प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न माझ्यातून जायचे, माझ्यापाशी थांबायचे नाहीत. 'मी' हा शब्द हजारो वेळा उच्चारला होता, दरवेळी दुसऱ्याच्या वतीने.

मग मी सांगायला लागले. माझे वडील लातूरजवळच्या औशाकडचे. पिंपरीजवळ काळेवाडीत राहायला आलो तरी ते 'कशाला आलाव', 'काय करलाव' असं बोलायचे, आणि पुण्यात कॉलेजला जाताना मी ते बोलणं बसमध्येच सोडून उतरायला शिकले. सासू मालवणची. लग्नानंतर वर्षभर ती काय म्हणते ते मला नवऱ्याला विचारायला लागायचं. आता चिखलीत राहतो. मुलगा फोनवर अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलतो, आणि मध्येच त्याच्या तोंडून 'काय करलाव' येतं. आजोबांचं. त्याला ते कुठून आलं हेही माहीत नाही. वडील गेल्यापासून ते बोलायला मला कुणी उरलेलं नाही. शुद्ध असं काही आमच्या घरात कधी नव्हतंच, आणि मी आयुष्यभर शुद्ध बोलायचा पगार घेतला.

हे सगळं मी माझ्या पुण्याच्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये सांगितलं. चुकाही झाल्या असतील. ओक्तावियोंनी एकही दुरुस्त केली नाही. ते ऐकत होते. मधेच त्यांनी 'काय करलाव' पुन्हा म्हणायला सांगितलं आणि स्वतः म्हणून पाहिलं. शेवटचा 'व' त्यांच्या तोंडी 'ब'सारखा झाला, पण हेल बरोबर आला. अगदी वडिलांसारखा. मी दुसरीकडे बघायला लागले.

तेवढ्यात आतून सिस्टरने दार उघडून विचारलं, "पेशंटचं कोण आहे?"

आम्ही दोघंही उठलो.